पेरांवर मोजलेली फ्रेंच

मार्गशीर्ष लागला की माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागतो. करंगळीच्या तळच्या पेरापासून वर, मग शेजारच्या बोटावर. हलकं, हलकं, आणि शेवटच्या पेरावर जोरात. थंडी पडून हातांची कातडी कोरडी झाली की त्याला बहुधा आठवण होते. यंदा तो जरा लवकरच सुरू झाला, कारण रेवाचा फोन आला.

रेवा, तू वैतागून विचारलंस, की फ्रेंचमधलं एकच क्रियापद 'मी'बरोबर धड उच्चारलं जातं आणि 'आम्ही'बरोबर आपलाच स्वर गिळून बसतं, हे कोणी ठरवलं? मागून ईशान ओरडला, "आजीला काय विचारतेस! आजी औरंगाबादची आहे!" ईशान, मी औरंगाबादचीच आहे. आता स्टेशनच्या पाटीवर दुसरं नाव आहे, पण मी ज्या हिवाळ्याबद्दल लिहिते आहे त्या हिवाळ्यात ते औरंगाबाद होतं आणि निजामाच्या राज्यात होतं. फोनवर मला नीट काहीच सांगता येत नाही. म्हणून बसून लिहिते आहे.

आमच्या घरात तेव्हा तीन पंचांगं चालायची. आईचा मार्गशीर्ष. बाबांचा बहमन, कारण बाबा वकील होते आणि अदालतीतल्या मिसलींवर, म्हणजे खटल्यांच्या कागदांवर, निजामाच्या सरकारी फसली सनाचे महिने लिहिले जात. आणि माझा डिसेंबर, कारण मी छावणीतल्या नन्सच्या शाळेत होते आणि आमच्या शेवटच्या परीक्षेचे पेपर विलायतेहून सीलबंद येत. बाबांना सुट्टी शुक्रवारी, मला रविवारी. आई म्हणायची, "या घरात दोन सुट्ट्या, अन् दोन्ही दिवशी स्वयंपाक मलाच."

त्या परीक्षेला इंग्रजीखेरीज आणखी एक भाषा घ्यावी लागे. मराठीची सोय नव्हती. उर्दू मला बोलता यायची, पण लिहिताना नुक्ते चुकायचे, आणि बाबांचं उर्दू अक्षर इतकं देखणं, की माझं त्यांच्या नजरेस पडू नये असं वाटायचं. तेव्हा सिस्टर मार्त म्हणाल्या, फ्रेंच घे, मी शिकवते. त्या फ्रान्सच्या डोंगराळ भागातल्या. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं. हिंदुस्थानी त्या स्वयंपाकघरातल्या लोकांकडून शिकल्या होत्या, त्यामुळे व्याकरण फ्रेंच आणि रागावणं दखनी, असा तो तास चाले.

"जल्दी नक्को करो, बेटी. आख़री पे बैठो."

बोटाच्या गाठीनं त्या टेबलावर ठोकत. टक, टक, ठक्. फ्रेंचमध्ये प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ द्यायचा, कोणाला पुढे ढकलायचं नाही, कोणाला चिरडायचं नाही, आणि वजन टाकायचं ते शेवटच्या ऐकू येणाऱ्या अक्षरावर. इंग्रजीत आम्ही कुठंही वजन टाकत होतो आणि उरलेलं गिळत होतो. त्याची सवय मोडायला सिस्टरांना अख्खा पावसाळा लागला.

अक्षरं तोडायची कशी, हे मला मराठीमुळे लवकर जमलं. व्यंजन मागच्याला चिकटवायचं नाही, पुढच्या स्वराच्या पदरात टाकायचं. नू-झा-प-लों: आम्ही हाक मारतो. मी ते पाटीवर देवनागरीत लिहिलं. सिस्टर आधी चिडल्या. मग त्यांनी एकेका अक्षराखाली बोट ठेवत मला ते वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "तुम्हारी लिखाई तो पहले से कटी हुई है." त्यांना त्याचा थोडा हेवाच वाटला असावा.

आता रेवाचा प्रश्न. हे कोणी बसून ठरवलेलं नाही. 'उचलणे' हे क्रियापद घे. 'मी उचलते' म्हणताना मुळाच्या पुढे ऐकू येईल असं काहीच नाही. मग वजन मुळावरच पडतं आणि तिथला स्वर तोंड उघडतो: ज लॅव. 'आम्ही उचलतो' म्हणताना पुढे शेपूट येतं, वजन त्या शेपटीवर सरकतं आणि मुळातला स्वर आक्रसतो, इतका की भराभर बोलणारे तो टाकूनच देतात: नू ल-वों. 'ते उचलतात' लिहिताना शेपूट असतं, पण ते मुकं; म्हणून ते पुन्हा 'मी'सारखं. लिखाणात कुठं डोक्यावर तिरकी रेघ येते, कुठं व्यंजन दुप्पट होतं, ते सगळं या वजनामागून आलेलं आहे. आधी बोलणाऱ्यांनी वजन हलवलं, लिहिणारे नंतर धावले. पाठ करू नकोस. ठोकून बघ.

आईला ही ठोकाठोकी आवडायची. तांदूळ निवडता निवडता ती ऐकत बसायची आणि मी चुकले की तिला कळायचं. शब्द नव्हे, ताल चुकल्याचं. "पुन्हा म्हण. आत्ता पाय घसरला तुझा." मी डॉक्टर व्हावं असं तिला वाटे. त्यामागे काही थोर विचार नव्हता. गावात बाई डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरपुढं हात करायला तिला लाज वाटायची. "तू हो, मग तुला नाडी दाखवते," म्हणायची. मद्रासला बायकांचं कॉलेज होतं. परीक्षा चांगली झाली तर सिस्टर तिथं शब्द टाकणार होत्या.

त्या मार्गशीर्षात आईला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. मुदत पुरी व्हायच्या आत ती गेली. नाडी शेवटी पुरुष डॉक्टरनंच पाहिली, पडद्याच्या फटीतून बाहेर काढलेल्या हाताची.

पुढचे दिवस मला दिसतात, पण आवाजाशिवाय दिसतात. नहरीच्या पाण्यानं धुतलेली फरशी, तिच्यावर अनवाणी उभी राहिलेली मी, आणि पाय गार पडलेत हे मला बघून कळत होतं, लागून नव्हे. शेजारच्या बायका येत, गळा काढत, माझ्याकडे बघत. मी त्यांना पाणी देई. कोणीतरी म्हणालं, पोरगी दगड आहे. मला ते पटलं. हौदाजवळ पारिजातकाचं झाड होतं, त्याच्याकडे मी बराच वेळ बघत बसे आणि उठताना त्याला फुलं होती की नाही हे सांगता येत नसे.

वैजापूरची आत्या घर सांभाळायला आली. बाबांची थोरली बहीण. तिच्या यजमानांचं तिथं कापसाचं आडत दुकान होतं. ती टांग्यातून उतरली, पदर खोचला, कोठीची किल्ली मागून घेतली. रडली नाही. बाबा तिला अक्का म्हणत आणि तिच्यापुढं अदालतीतली एकही युक्ती चालवत नसत.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी देवगाव रंगारीचे अण्णाकाका आले. बाबांचे चुलतभाऊ. सोप्यात बसून त्यांनी सांत्वनाची चार वाक्यं म्हटली आणि पाचव्यात म्हणाले, "आता पोरीचं बघाया पायजे. वर्षाच्या आत."

तुम्हाला हे ठाऊक नसेल. आईबापांपैकी कोणी गेलं तर घरातल्या उपवर मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं. वर्ष उलटलं तर मग तीन वर्षं पुरी होईपर्यंत करता येत नाही, असं आमच्याकडे पाळत. शास्त्र असेल किंवा सोय असेल. मला सतरावं लागलेलं होतं. तीन वर्षांनी विसावं, म्हणजे अण्णाकाकांच्या हिशेबानं संपलेलंच. माझ्या बाजूनं हिशेब याच्या बरोबर उलट होता. वर्ष उलटलं तर मद्रास. नाही उलटलं तर देवगावचं सासर.

"मुलगा तहसिलीत पेशकार आहे," अण्णाकाका म्हणाले. "घरी बागायत. उर्दू असं फर्डं, की साहेब उठून उभा ऱ्हातो."

बाबा पायावर शाल घेऊन बसले होते. "अक्का म्हणेल तसं," एवढंच बोलले.

आत्या म्हणाली, "तेरावं होऊ द्या. मग बघू."

मी आतून ऐकलं. भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. अमुक एका ठिकाणी भीती आहे एवढं कळत होतं, गावाबाहेर कुठंतरी नदी आहे हे कळावं तसं.

परीक्षेची तोंडी तेराव्यानंतर लगेच होती. सुतकात शाळेत जाता येत नव्हतं. दुखवट्याच्या घरात टेबल ठोकणं शक्य नव्हतं, मोठ्यानं म्हणणंही नाही. म्हणून मी भिंतीला टेकून बसायची, पदराखाली हात घ्यायची आणि अंगठ्यानं पेरांवर अक्षरं मोजायची. ओठ हलत. हलकं, हलकं, शेवटच्या पेरावर नख रुतवून. हे मी मद्राससाठी करत नव्हते. त्या दिवसांत जिच्यात पुढे काय येणार ते मला माहीत होतं अशी माझ्याजवळ तेवढीच एक गोष्ट होती. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. संपलं की दुसरं क्रियापद.

आणि मग घरभर झालं, की पोरगी आईसाठी जप करते आहे.

आधी दगड म्हणणाऱ्या बायका आता माझ्याजवळून जाताना पाऊल हळू टाकायला लागल्या. एकीनं तर माझ्या पायाला हात लावून कपाळाला लावला. परसाच्या भिंतीपलीकडून मुनीर खाला डोकावत. त्यांच्या घरी हिम्रूचे माग होते आणि त्यांच्याकडचं शिजलेलं आम्हाला सुतकात चालणार नाही म्हणून त्या भिंतीवरून दूध आणि पेरू पाठवत. त्यांनीही आत्याला विचारलं, "कौन सी तसबीह पढ़ रई बच्ची? उँगलियों पे पढ़े सो अच्छा. क़यामत के दिन उँगलियाँ गवाही देते."

आत्या म्हणाली, "हौ."

दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. मशेरी लावलेलं बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "कोणता जप म्हणायचा हा?"

"जप नाही आत्या. फ्रेंच आहे."

"म्हंजे?"

"भाषा आहे. परीक्षेला."

तिनं माझा हात पदराखालून ओढून काढला आणि तळवा उलटा करून पाहिला. मधल्या बोटाच्या वरच्या पेरावर नखाची लाल कोर उमटली होती.

"देवाचं काय हाय का त्यात?"

"नाही."

"आईचं?"

मी विचार करून सांगितलं, "नाही."

"मग कशाचं हाय?"

"उचलते, उचलतोस, उचलतो. असं."

आत्यानं माझा हात पुन्हा पदराखाली सारला. मग म्हणाली, "ओठ नीट मिटत जा. जपाला ओठ हलत नसत्यात." आणि पिठाच्या डब्याकडे उठून गेली.

तेराव्यानंतर मी टांग्यानं छावणीत गेले. सिस्टर मार्तनी मला जवळ घेतलं नाही. तशी त्यांची पद्धत नव्हती. त्यांनी खुर्ची ओढून दिली आणि उजळणी सुरू केली. स्वर बदलणाऱ्या क्रियापदांच्या यादीत 'मरणे' आलं. सिस्टर म्हणाल्या, "ये नक्को. आगे चलो." मी म्हटलं, म्हणते. आणि म्हटलं. मी, तू, तो यांना वजन मुळावर. आम्ही, तुम्ही यांना शेपटीवर. ते पुन्हा मुळावर. एकही चूक झाली नाही. सिस्टरांनी बोट उचललं होतं, ते टेबलावर ठोकलं नाही, तसंच हवेत राहिलं.

तोंडी परीक्षेचे साहेब बाहेरगावाहून आले होते. त्यांनी उतारा वाचायला दिला. वाचला. मग विचारलं, घरी कोण कोण आहे? मी म्हटलं, माझे वडील आणि मी. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. बाहेर पडले तर शाळेच्या आवारात ऊन पडलं होतं आणि कुठल्याशा शेतावरून आलेली हुरड्याची टोपली पायरीवर ठेवलेली होती. मला भूक लागली आहे असं वाटलं. मी दोन दाणे तोंडात टाकले. मग भूक नव्हती.

पौषात लग्नाच्या गोष्टी कोणी काढत नाही. माघ लागताच अण्णाकाका पुन्हा आले, या वेळी पत्रिका घेऊन. आत्या वैजापूरला परतायची थांबलेली होती, ती यासाठीच असावी. तिनं त्यांना गूळपाणी दिलं, स्वतः उंबऱ्यात बसली आणि म्हणाली,

"अण्णा, पंचाईत झाली. पोरीनं वर्साचा जप धरलाय. आईसाठी."

"असू दे की. लगीन करूनबी जप करता येतो."

"सासरी? मग चूल कोण फुकणार, तुम्ही?"

अण्णाकाका हसले. मग हसायचं थांबले. "कोणता जप हाय?"

"ते सांगत नसत्यात. गुरूनं दिल्यालं हाय."

"गुरू कोण?"

"बाई हाय. छावणीकडं ऱ्हाती. पांढऱ्या कपड्यातली. लई कडक."

"अक्का, मधी सोडवून घेता येत नाय का?"

"सोडवा," आत्या म्हणाली. "तुम्हीच सोडवा. अन् तुमची वहिनी अडकून पडली वर, तर तिलाबी तुम्हीच सांगा, पेशकारासाठी सोडवला म्हणून."

अण्णाकाकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आयुष्यभर साक्षी तपासल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, चष्मा काढून पुसला. "अक्का म्हणते तर असेल," ते म्हणाले. पत्रिका पुन्हा अण्णाकाकांच्या रुमालात गेली.

आत गेल्यावर मी विचारलं, "आत्या, असं का सांगितलंस?"

"काय खोटं सांगितलं? जप म्हंजे तेच तेच म्हणायचं. तू काय येगळं करतीस?" ती भाकरीचं पीठ मळत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बापू गेले तवा मी अकराची. दोन महिन्यांत माझं उरकलं. सासूनं सांगून ठिवलं, लग्नघरात डोळ्याला पाणी आणायचं नाय, नवं लुगडं हाय. मग ते रडायचं ऱ्हाऊनच गेलं."

जप घरात बसून करायचा असतो, असं आत्यानं ओघात सांगून टाकलं होतं, त्यामुळे त्या जूनमध्ये मला मद्रासला जाता आलं नाही. निकाल चांगला लागला होता. सिस्टरांनी जागा पुढच्या वर्षासाठी बोलून ठेवली. वर्ष मी घरात काढलं. गुरूकडे मात्र जाता येत होतं, म्हणून आठवड्यातून एकदा टांगा छावणीत जाई आणि रस्त्यात भेटलेल्या बायका टांग्याला हात जोडत. मी भूतकाळ शिकले, भविष्यकाळ शिकले. आईच्या जागी स्वयंपाक शिकले. उन्हाळा आला, त्याची झळ लागली नाही. पाऊस आला तेव्हा वाळत घातलेले कपडे आत घेतले. कोणी पाहुणं आलं की आत्यानं आधीच बजावल्याप्रमाणे भिंतीला टेकून बसायचं, ओठ मिटायचे आणि अंगठा चालवायचा. मला त्याचं कधी हसू आलं नाही. आज लिहिताना थोडं आलं.

वर्षश्राद्धाला आत्या पुन्हा वैजापूरहून आली. पंगत उठली, अण्णाकाका जेवून, हात धुऊन, सुपारी कातरत म्हणाले, "अक्का, आता जपाचं उद्यापन कधी?"

"तीन वर्सं भरल्यावर," आत्या म्हणाली.

ते गेले. भटजी गेले. बाबा आत जाऊन आडवे झाले. दुपारचं ऊन परसात आलं होतं आणि आम्ही दोघी भांड्यांच्या ढिगापाशी बसलो होतो, पुढ्यात राख, हातात चोथा. आत्यानं मागचं दार लोटून घेतलं. मग माझ्यासमोर बसली.

"सुटलीस," ती म्हणाली. "आता आणखी दोन वर्सं तुला कोणी हात लावायचं नाय, मद्रासला जा खुशाल. अन् हितं कोणी बघत नाय. रड आता."

मी हातातली परात खाली ठेवली. खरोखरच वाट पाहिली. आईचा चेहरा आठवून पाहिला, तो आला; तिचा आवाज आठवून पाहिला, तोही आला. काही झालं नाही.

"येत नाही आत्या," मी म्हटलं.

"नाय?"

"नाही."

आत्याचा खालचा ओठ एकदम वाकडा झाला, अकरा वर्षांच्या मुलीचा होईल तसा, आणि ती राखेचे हात तसेच तोंडावर घेऊन रडायला लागली. बापू, बापू म्हणत. माझे आजोबा, मी त्यांना पाहिलेलंही नाही. मी उठले, हौदातून तांब्या भरून आणला आणि तिचं संपेपर्यंत धरून उभी राहिले.